राखणीचा हिशेब

पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या शिवारात, किंबहुना नगर जिल्ह्याच्या त्या साऱ्या कोरडवाहू टापूत, रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की पूर्वी शेतोशेती लाकडी माळे उभे राहत. माळ्यावर हाती गोफण घेऊन राखणदार सकाळ-संध्याकाळ उभा असे. पाखरांचा थवा उतरू लागला की तोंडचा हाकारा आणि गोफणीतला खडा ही दोन्ही एकदमच सुटत. पुढे कापणी होई, खळ्यावर मळणी होई, रास पडे आणि धान्य मापाने मोजले जाई. पेरणाऱ्याचे आणि कापणाऱ्याचे काम त्या राशीत डोळ्यांना दिसे. राखणदाराचे काम राशीत असूनही दिसत नसे; कारण त्याची कमाई एवढीच की, जे जावयाचे ते गेले नाही. न उतरलेल्या पाखरांची गणती कोणत्या मापाने करावयाची?

क्रिकेटमधील ‘फील्डिंग’ या शब्दास मराठीने ‘क्षेत्ररक्षण’ हा प्रतिशब्द योजला. तो सोयीखातर योजला गेला असेल. परंतु त्यात एक सत्य सहजगत्या बोलून गेले आहे. इंग्रजी शब्दात नुसते क्षेत्र आहे, राखण नाही. मराठी शब्द मात्र खेळाडूचे कर्तव्यच सांगून टाकतो. क्षेत्ररक्षक हा राखणदार होय, आणि म्हणूनच राखणदाराची किंमत ठरविताना जी अडचण पडते तीच याची किंमत ठरविताना पडते. फलंदाजाच्या नावापुढे धावा असतात, गोलंदाजाच्या नावापुढे बळी असतात. दिवसभर उन्हात वाकून उभ्या राहिलेल्या क्षेत्ररक्षकाच्या नावापुढे काय लिहावे? या प्रश्नास निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली ती पाहण्यासारखी आहेत; कारण कोणाचे काम मोजावयाचे आणि कोणाचे गृहीत धरावयाचे, हा त्या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

राखणदाराचा न्याय करण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे त्याच्या चुका मोजणे. आमच्या गावगाड्यात ही रीत चांगली रुळलेली होती. पेशव्यांकडून जिंकून घेतलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात गावच्या पहारेकऱ्याच्या कामाचे वर्णन आहे. गावात चोरी झाली म्हणजे जागल्याने चोराचा माग काढावयाचा. माग आपली शीव ओलांडून पुढे गेल्याचे त्याने दाखविले की जबाबदारी शेजारच्या गावावर पडे. न दाखविता आले तर दोष आपल्या गावाचा ठरे. या रीतीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्यांपैकी एक कच्ची आणि एक पक्की. कच्ची ही की, दहा वर्षे चोरी न होता गेली तर त्या दहा वर्षांची नोंद कोठेच होत नसे, आणि अकराव्या वर्षीची एक चोरी मात्र सर्वांच्या तोंडी राहत असे. पक्की ही की, जबाबदारीला शीव होती. जागल्याकडे जेवढी जमीन दिली तेवढ्याचाच जाब त्याला विचारावयाचा, हा न्याय त्या व्यवस्थेने ओळखला होता. खेळाच्या पंडितांना याच ठिकाणी येऊन पोहोचण्यास पुढे शंभरांहून अधिक वर्षे लागली.

चुका मोजण्याच्या रीतीस अंकगणिताचे रूप मिळाले ते अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात. हेन्री चॅडविक हा १८२४ साली इंग्लंडात जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेस गेलेला गृहस्थ. क्रिकेटची वृत्ते लिहिता लिहिता तो बेसबॉलकडे वळला आणि त्या खेळाचे कोष्टक त्याने घडविले. त्या कोष्टकात क्षेत्ररक्षकाच्या चुकीस स्वतंत्र रकाना मिळाला. सुटलेला चेंडू, वाकडी गेलेली फेक, हे सारे त्याच्या नावावर चढू लागले. आणि हाती आलेल्या चेंडूंपैकी किती चेंडूंची त्याने बिनचूक वासलात लावली याचे प्रमाण काढून त्यावरून त्याची योग्यता ठरू लागली.

ही रीत दिसावयास निर्दोष आहे. पण ती कोठे फसते हे एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, एकाच जागी खेळणारे दोन खेळाडू आहेत. पहिला वर्षभरात ४०० चेंडूंपर्यंत पोहोचला आणि त्यांत ८ वेळा चुकला. दुसरा ४८० चेंडूंपर्यंत पोहोचला आणि १६ वेळा चुकला. प्रमाण काढले तर पहिला शेकडा ९८ आणि दुसरा शेकडा ९७हूनही किंचित कमी. कोष्टक पहिल्यास श्रेष्ठ ठरविते. वस्तुतः पहिल्याने ३९२ चेंडू निकालात काढले आणि दुसऱ्याने ४६४; म्हणजे दुसऱ्याने ७२ वेळा अधिक काम केले. जो चेंडूकडे धावलाच नाही त्याची चूक होत नाही, आणि जो जिवाच्या आकांताने धावून चेंडूस बोटे लावतो त्याच्याच कपाळी चूक लिहिली जाते. माळ्यावरून न उतरणाऱ्या राखणदाराचा पाय कधी मुरगळत नाही. पण त्यावरून तो उत्तम राखणदार ठरत नाही. खुद्द चॅडविकनेही १८७०च्या दशकातच बजावून ठेवले होते की, कमीत कमी चुका करणाऱ्यापेक्षा अधिकात अधिक चांगली कामे करणारा खेळाडू मोठा मानला पाहिजे. त्याने घडविलेले कोष्टक लोकांनी उचलले; त्याचा इशारा मात्र पुढची शंभर वर्षे बहुधा कोणाच्या ध्यानी राहिला नाही.

मग अंक सोडून जाणत्यांच्या नजरेवर विसंबावे काय? अमेरिकेत तोही प्रयोग झाला. तेथे १९५७ सालापासून प्रत्येक जागेवरील उत्तम क्षेत्ररक्षकास ‘गोल्ड ग्लव्ह’ नावाचा सन्मान दिला जातो, आणि त्याची निवड दीर्घकाळ संघांचे व्यवस्थापक व शिक्षक यांच्या मतांनी होत असे. १९९९ साली हा सन्मान पहिल्या तळाचा रक्षक म्हणून राफाएल पाल्मेरो या खेळाडूस मिळाला. त्या वर्षी तो त्या जागी अवघे २८ सामने उभा राहिला होता. उरलेल्या बहुतेक सामन्यांत त्याने केवळ फलंदाजी केली होती. मत देणाऱ्यांत लबाडी होती असे नव्हे. पूर्वी मिळविलेली कीर्ती आणि त्या वर्षीची दणदणीत फलंदाजी यांच्या तेजात, तो शेतात उभाच नव्हता ही गोष्ट दिसेनाशी झाली. नजर ही मोठी गोष्ट खरी. परंतु ती आधीच ठरविलेले पाहते. चुकांचे कोष्टक धाडसास शिक्षा करते आणि कीर्तीचा कौल गैरहजेरीस बक्षीस देतो.

आता क्रिकेटकडे वळू. क्रिकेटने बेसबॉलच्या नेमका उलटा मार्ग धरला. येथे चूक धावफलकात लिहीतच नाहीत. सुटलेला झेल प्रेक्षकांच्या स्मरणात राहतो, कागदावर राहत नाही. घेतलेला झेल मात्र लिहितात, आणि ही चाल फार जुनी आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी धावफलकांत झेल घेणाऱ्याचे नाव असे, पण गोलंदाजाचे नसे. गोलंदाजास त्या बळीत वाटा मिळू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात. येणेप्रमाणे एका खेळाने राखणदाराच्या चुका टिपल्या आणि दुसऱ्याने त्याचे पराक्रम टिपले. दोघांनीही त्याची राखण टिपली नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २४ ऑगस्ट १९७१ रोजी अजित वाडेकरांच्या संघाने लंडनच्या ओव्हल मैदानावर मिळविलेला विजय. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, भारतास १७३ धावा हव्या झाल्या आणि सहा गडी गमावून त्या मिळाल्या. इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा हा पहिला कसोटी विजय, आणि तो मालिकाविजयही ठरला. त्या डावात भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, हे सर्वांस पाठ आहे. आता त्याच डावाचा धावफलक राखणदाराच्या बाजूने वाचून पाहू. अ‍ॅलन नॉट हा पहिल्या डावात ९० धावा काढलेला फलंदाज, त्याच्यापुढे ‘झे. सोलकर गो. वेंकटराघवन १’ एवढेच शब्द आहेत. एकनाथ सोलकर फलंदाजाच्या पुढ्यात, बॅटच्या अगदी निकट उभे होते आणि पुढे झेपावून, अंग जमिनीवर झोकून देऊन त्यांनी तो झेल घेतला, हे त्या शब्दांत नाही. हातात आयता पडलेला झेल असता तरी नोंद हीच झाली असती. बॅझिल डॉलिव्हेरा याचा झेल केनिया जयंतीलाल यांनी घेतला. ते बदली खेळाडू असल्यामुळे अशा वेळी धावफलकात ‘बदली खेळाडू’ असे लिहिण्याचा प्रघात. काम करणाऱ्यास नावही नाही. याउलट जॉन जेम्सन धावचीत झाला तो ब्रायन लकहर्स्टने मारलेला चेंडू चंद्रशेखर यांच्या हाताला ओझरता लागून यष्टींवर गेल्यामुळे. केवळ दैवयोगाने पडलेला तो बळी आणि नेम धरून फेकीने मिळविलेला बळी यांची नोंद एकच. तीन बळी आणि तीन निरनिराळ्या प्रकारचे मौन!

सोलकरांविषयी सांगितला जाणारा आकडा प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यात मैदानाची देखभाल करीत; त्याच आवारातील एका लहानशा खोपटात सोलकर वाढले. १९६९ ते १९७७ या काळात ते २७ कसोटी सामने खेळले आणि यष्टिरक्षक नसताना त्यांनी ५३ झेल घेतले. म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन. वीस किंवा अधिक कसोट्या खेळलेल्या क्षेत्ररक्षकांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. शेजारी राहुल द्रविड यांचा आकडा ठेवावा : १६४ सामन्यांत २१० झेल, म्हणजे सामन्यामागे सव्वाहून थोडे अधिक. तेव्हा सोलकर हे द्रविडांच्या दीडपट चांगले क्षेत्ररक्षक होते, असे म्हणावयाचे काय?

असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे होईल. सोलकर उभे राहत फॉरवर्ड शॉर्ट लेगला, आणि गोलंदाजी करीत बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन. फलंदाजाच्या बॅटीची आणि पॅडची कड घेऊन चेंडू वारंवार ज्या वितभर जागेत उडावा ती जागा सोलकरांची होती. द्रविड बहुतेक काळ स्लिपमध्ये उभे राहिले. तेथे येणारे चेंडू वेगळे, त्यांची गती वेगळी, गोलंदाज वेगळे. नदीकाठच्या शेतावरच्या राखणदाराने उडविलेली पाखरे आणि उघड्या माळावरच्या राखणदाराने उडविलेली पाखरे यांची नुसती संख्या ताडून पाहिल्यासारखेच ते होईल. सोलकरांचे थोरपण ५३ या आकड्यात पुरते मावत नाही, आणि त्या आकड्यातील काही वाटा चौघा फिरकी गोलंदाजांचा आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. शिरस्त्राणावाचून ते तेथे उभे राहत. त्यांच्या तेथे असण्यानेच फलंदाजाची बॅट पुढे यावयास कचरे, आणि मग तो दुसऱ्याच रीतीने बाद होई. त्या बळीवर सोलकरांचे नाव कोठून असणार?

जागेचा हा महिमा आणखी दोन प्रसंगांवरून स्पष्ट होईल. सोलकर आपली अखेरची कसोटी खेळले ती जानेवारी १९७७ मध्ये. त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या बंगळूरच्या कसोटीत रणजी सामन्यांत महाराष्ट्राकडून खेळणारे यजुर्वेंद्र सिंह यांनी पदार्पण केले आणि फलंदाजाच्या निकट उभे राहून एका डावात ५ व सामन्यात ७ झेल घेतले. दोन्ही बाबतींत तत्कालीन विश्वविक्रमाची बरोबरी झाली. एवढे करूनही त्यांच्या वाट्यास एकूण चारच कसोटी सामने आले. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये श्रीलंकेतील गॉल येथे सात झेलांचा तो विक्रम मोडला तो अजिंक्य रहाणे यांनी. रहाणे यांचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथला, म्हणजे तिसगावच्याच जिल्ह्यातला. ज्याला आता अहिल्यानगर जिल्हा म्हणतात. पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्या डावात ५, असे आठ झेल त्यांनी मुख्यतः अश्विन व मिश्रा यांच्या फिरकीवर घेतले. यष्टिरक्षक वगळता एका कसोटी सामन्यात कोणीही इतके झेल घेतले नव्हते. आणि तो सामना भारत ६३ धावांनी हरला! दिनेश चंडिमल याने नाबाद १६२ धावा काढल्या, आणि चौथ्या डावात भारताचे सर्व गडी ११२ धावांत बाद झाले. फळावरून झाडाची पारख करावी हे खरे; परंतु आठ फळे एका झाडाची आणि पराभव साऱ्या बागेचा, हा विवेक सुटता कामा नये. रहाणे यांची राखण उत्तम होती. पीक दुसऱ्याच वाटेने गेले.

तेव्हा योग्य रीत कोणती? बेसबॉलवाल्यांना ती सापडावयास बराच काळ लागला. प्रथम बिल जेम्स नामक अभ्यासकाने १९७०च्या दशकात चुका बाजूस ठेवून सामन्यामागे केलेली कामे मोजण्याचा आग्रह धरला. त्यातही कोणाकडे चेंडू अधिक जात होते हा प्रश्न राहिलाच. मग मैदानाचे लहान लहान तुकडे पाडून, प्रत्येक जागेच्या रक्षकाकडे अमुक तुकडे सोपविलेले आहेत असे धरून, त्यांत आलेल्या चेंडूंपैकी त्याने किती अडविले हे पाहण्यात येऊ लागले. २०१५ पासून तेथील सर्व मोठ्या मैदानांवर यंत्रांच्या साहाय्याने प्रत्येक चेंडूचा वेग व दिशा आणि खेळाडूने तोडलेले अंतर टिपले जाते. सर्वसाधारण खेळाडूने अशा चेंडूंपैकी किती पकडले असते हे काढून त्याच्याशी त्याच्या कामाची तुलना केली जाते. या सगळ्या यंत्रसामग्रीचे सार एका मराठी शब्दात सांगता येण्यासारखे आहे : शीव. आधी शीव ठरवा, शिवेच्या आत काय आले ते पाहा, आणि मग राखणदारास जाब विचारा. जागल्याच्या न्यायात जो पक्का भाग होता तोच येथे उपयोगी पडला आहे. भर पडली ती एवढीच, की चोरीबरोबर न झालेल्या चोरीचाही अंदाज बांधता येऊ लागला.

हा विचार इतक्या उशिरा का सुचला? आमच्या मते याचे कारण गणितात नसून मानात आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजी हे मानकऱ्याचे काम मानले गेले. चेंडू टाकणे आणि तो धावून आणणे हे चाकराचे. पळवणकर बाळू पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाचे काम करीत आणि जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजांस सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. हिंदुस्थानातील त्या काळचा श्रेष्ठ गोलंदाज तेथे घडला. परंतु त्या जिमखान्यात त्यांच्या हाती बॅट कधी कोणी दिली नाही असे सांगतात. मैदान राखणाऱ्या बाळूंपासून मैदान राखणाऱ्याच्या मुलापर्यंत, सोलकरांपर्यंत, हा धागा सरळ जातो. ज्यांचे काम हलके समजले जाते त्यांच्या कामासाठी कोणी रकाना आखीत नाही. आणि रकाना नाही म्हणून ते काम हलके, असा उलटा न्याय पुढे सुरू होतो. मोजमाप आणि मान यांचे हे दुष्टचक्र ज्यांस तोडावयाचे आहे त्यांनी रकान्यापासूनच आरंभ केला पाहिजे.

अर्थात यंत्रांचाही हात एका ठिकाणी थांबतो. आलेला चेंडू ती मोजतील. परंतु कव्हरला कोण उभा आहे हे पाहून फलंदाजाने जी धाव घेतलीच नाही, तिची नोंद कशी करावी? ती धाव फलंदाजाच्या मनातच विझली. पाखरांचा थवा शेतावर येऊन, माळ्यावरील माणूस जागा आहे एवढे पाहून दुसरीकडे वळावा, तशी ती गोष्ट आहे. तेथे शेवटी पाहणाऱ्याची नजरच हवी. मात्र ती चेंडूबरोबर धावणारी नसावी; चेंडू येण्यापूर्वी क्षेत्ररक्षक कोठे उभा होता, त्याचा तोल कसा होता, दिवसाच्या अखेरच्या षटकातही तो पहिल्या षटकाइतकाच वाकून उभा होता की नाही, हे पाहणारी असावी.

ज्वारी निघाल्यावर तिसगावसारख्या गावांच्या मोकळ्या रानात आज पोरांचे डाव रंगतात. ज्याची बॅट त्याची पाळी पहिली, हा तेथील सनातन कायदा. आणि सर्वांत धाकटा पोर बाभळीच्या कडेला उभा केलेला. चेंडू काट्यात गेला की तो काढावयास त्यालाच धाडतात, आणि त्याची पाळी येण्यापूर्वी बहुधा दिवस मावळतो. घरी गेल्यावर कोणी किती धावा काढल्या हे सगळे सांगतात. त्या धाकट्यास मात्र विचारावे की, तुझ्या बाजूने आज किती चौकार गेले? तो क्षणभर आठवून पाहील. आणि एकही गेला नाही असे त्याने सांगितले तर त्याचा तो आकडा धावांच्याच ओळीत, धावांच्याच बरोबरीने लिहून ठेवावा.